लेटेक्स कडक झालं, आता काम दाखवायचं की नाही? ईवा हेसेच्या ‘एक्स्पांडेड एक्स्पान्शन’ची केस

प्रकरण थोडक्यात असं आहे. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियमकडे १९७५ पासून एक मोठं स्कल्प्चर आहे, ईवा हेसे या अमेरिकन शिल्पकार बाईने १९६९ साली केलेलं, नाव ‘एक्स्पांडेड एक्स्पान्शन’, तिच्या कुटुंबाने म्युझियमला दिलेलं. तीन मीटरपेक्षा उंच, आणि पूर्ण पसरलं तर साधारण साडेसात मीटर लांब. एवढं महत्त्वाचं काम, पण जवळपास ३५ वर्षं ते कुणाला बघायलाच मिळालं नाही, कारण ज्या मटेरियलमुळे ते गाजलं त्याच मटेरियलने, लेटेक्सने म्हणजे रबराच्या चिकाने, दगा दिला. शेवटी २०२२ ला डागडुजी करून ते पुन्हा लावलं. मधल्या काळात प्रश्न काय होता, पर्याय कोणते होते आणि मला स्वतःला त्यातलं काय पटतं ते लिहितेय. जरा लांबेल, आधीच सांगते.

आधी काम नीट डोळ्यासमोर आणा, नाहीतर पुढचं सगळं हवेत राहील. भिंतीला टेकवून उभे केलेले उंच फायबरग्लासचे दांडे. दोन दांड्यांच्या मधे वरपासून खालपर्यंत पडद्यासारखं कापड, विरळ विणीचं सुती चीजक्लॉथ, त्याच्यावर ब्रशने लेटेक्सचे थर दिलेले. काम तीन भागांत आहे, एकात ३ दांडे, एकात ५, एकात ८. म्हणजे १६ दांडे आणि त्यांच्या मधे १३ पडदे. (३, ५, ८ हे फिबोनाचीचे आकडे आहेत, म्हणजे आधीच्या दोघांची बेरीज करत जाणारे, मुद्दाम की योगायोग या वादात मी पडत नाही.) दांडे सरळ, ताठ, ठराविक. पडदे मात्र लोंबतात, मधेच फुगतात, खाली आले की थोडे गोळा होतात. आणि अख्खी गोष्ट अकॉर्डियनसारखी दाबता किंवा पसरता येईल अशी केलेली, जागा असेल तसं. नावातच ते आहे.

आता बहुतेक ठिकाणी या कामाबद्दल जे वाचायला मिळतं ते ‘कठीण विरुद्ध मऊ’ एवढ्यावर आटपतं. चूक नाहीये ते, पण फार लवकर थांबतं. कारण दांडे खरं तर पडद्याला विरोध करत नाहीत, ते पडद्याला लोंबायला जागा देतात. दांडा नसता तर तेच रबर जमिनीवर ढीग होऊन पडलं असतं आणि आपण त्याच्याकडे ढीग म्हणूनच बघितलं असतं. दोन सरळ उभ्या रेषांच्या मधे आल्यावरच कळतं की हा पडदा इथे दोन बोटं जास्त खाली आलाय आणि शेजारचा नाही. भूमिती इथे पट्टीचं काम करते, तिच्यामुळे मटेरियलचा आळस मोजता येतो. हे मला या कामातलं सगळ्यात भारी वाटतं.

हेसेला हे काही अचानक सुचलं नव्हतं. तिने येल युनिव्हर्सिटीत योसेफ अल्बर्स या चित्रकाराच्या हाताखाली शिक्षण घेतलं, १९५९ ला डिग्री, म्हणजे चौकोन आणि रंग यांची शिस्त तिथूनच आली. १९६४-६५ मध्ये ती जर्मनीत केटविगला एका बंद पडलेल्या टेक्स्टाइल फॅक्टरीच्या जागेत काम करत होती, तिथे पडलेल्या दोऱ्या आणि मशीनचे पार्ट यांतून तिची पेंटिंगमधून स्कल्प्चरकडे गाडी वळली. सोल लेविट हा कलाकार जवळचा मित्र, तो तेव्हा पांढऱ्या चौकटींचे क्यूब करत होता, एकदम कोरडे आणि नियमबद्ध. हेसेनेही ग्रिड घेतला, रिपीटेशन घेतलं, पण आत वेगळंच काहीतरी भरलं. ‘ॲक्सेशन टू’ बघा, डेट्रॉइट इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट्समध्ये आहे. गॅल्वनाइज्ड स्टीलचा क्यूब, वरून उघडा, प्रत्येक बाजू सुमारे ७८ सेंटिमीटर, आणि त्याला ३० हजारांच्या वर भोकं. क्यूब वर्कशॉपमधून करून घेतलेला, पण त्या प्रत्येक भोकातून प्लास्टिकच्या नळ्या ओवल्या त्या हातानेच. बाहेरून बघितलं तर नीटनेटकी वीण, आत डोकावलं तर नुसती झुलपं. लोकांना त्यात हात घालायचा, शिरायचा मोह होतो म्हणे, आणि खरं सांगायचं तर मला त्यांचं नवल वाटत नाही. पण ‘ॲक्सेशन’मधला मऊपणा कारखान्यातून आलेला आहे, तो बरीच वर्षं टिकतो. ‘एक्स्पांडेड एक्स्पान्शन’मधला मऊपणा ओतलेला आहे. सगळी गडबड तिथे आहे.

लेटेक्स म्हणजे काय ते एकदा सांगावं लागेल. रबराच्या झाडाचा चीक, पाण्यात तरंगणारे रबराचे बारीक कण, गोठू नये म्हणून त्यात अमोनिया घातलेला असतो (डबा उघडला की नाक झोंबतं ते त्यामुळे). ब्रशने लावलं की दुधासारखं पांढरं दिसतं, पाणी उडालं की कण एकमेकांना चिकटतात आणि फिल्म तयार होते, पारदर्शकाच्या जवळ जाणारी, पिवळसर, ताणली तर ताणणारी. वाळल्यावर पुढचा थर, मग पुढचा. प्रत्येक थरात ब्रशचा हात, कुठे जाड कुठे पातळ, कडेला थोडं ओघळलेलं. नवीन असताना त्याच्यातून उजेड आरपार येतो, आणि हेसेला ते हवंच होतं, तिच्या फायबरग्लासच्या कामांतही उजेड आत अडकून राहतो.

पण हे रबर सुरुवातीपासूनच म्हातारं व्हायला लागतं. त्याच्या रेणूंच्या लांबलचक साखळीत ठरावीक अंतराने डबल बाँड (दुहेरी बंध) असतात, हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन नेमका तिथेच हल्ला करतो, उजेड आणि उष्णता त्याला मदत करतात. कधी साखळ्या तुटतात, मग रबर चिकट होतं. कधी साखळ्या एकमेकींना जास्तच बांधल्या जातात, मग कडक आणि ठिसूळ. रंग मधाकडून तपकिरीकडे जातो. ड्रॉवरमध्ये विसरलेलं रबर बँड वर्षांनी हातात घेतल्यावर ताणायच्या आधीच तुटतं ना, तीच केमिस्ट्री, फक्त इथे ते साडेसात मीटरवर पसरलेलं आहे आणि त्याच्यावर सही आहे. अंधार, थंडावा, कमी ऑक्सिजन, एवढं केलं तर वेग कमी होतो, पण उलटं काही फिरत नाही. वाळून कडक झालेल्या रबराला पुन्हा मऊ करणारं औषध नाही.

याच्यात आणखी एक बारकावा आहे जो मला फोटो बघताना सारखा खटकत होता, मग कळलं. ब्रशने थर दिलेत म्हणजे जाडी सगळीकडे सारखी नाही, म्हणून म्हातारपणही सारखं येत नाही. पातळ जागा आणि जाड जागा वेगवेगळ्या रंगाच्या होत जातात, जिथे कापड दुमडलंय तिथे भेगा पडायची भीती जास्त. म्हणजे १९६९ मध्ये जो हात दिसायचा तो आता वेगळ्या रीतीने दिसतो, डागांसारखा. आणि आतलं सुती कापड ताणत नाही, त्यामुळे वरचं रबर ठिसूळ झालं तरी तुकडे लगेच गळून पडत नाहीत, कापड धरून ठेवतं. हेसेने कापड वापरलं नसतं तर आज या केसमध्ये चर्चा करायला वस्तूच उरली नसती असं मला वाटतं.

तर म्युझियमसमोर पर्याय काय होते? एक, क्रेट बंद ठेवा, अभ्यासकांना फोटो दाखवा. दोन, जसं आहे तसं लावा, तपकिरी आणि ताठ. तीन, पडदे नवीन करा, दांडे जुनेच ठेवा. चार, पूर्ण नवीन कॉपी करा आणि मूळ वस्तू पुरावा म्हणून स्टोरेजमध्ये ठेवा. यांच्या मधे बऱ्याच पायऱ्या आहेत, पण वाद घातला जातो तो या चारांवरच.

आणि इथे प्रत्येक जण हेसेचंच एक वाक्य हत्यार म्हणून काढतो. कलासमीक्षक सिंडी नेम्सर यांनी तिची मुलाखत घेतली होती, मे १९७० च्या आर्टफोरम मासिकात छापून आली, त्याच महिन्याच्या २९ तारखेला हेसे गेली, वय ३४. त्यात ती म्हणते की आयुष्य टिकत नाही, कलाही टिकत नाही, त्याने काही बिघडत नाही. झालं, हे वाक्य घ्या आणि म्हणा की तिला नाशवंतपणाच हवा होता, मग जाऊ दे ना मोडून. पण त्याच उत्तरात त्याच्या आधी ती जे म्हणते ते कुणी सांगत नाही. तिला गिल्टी वाटतं असं ती म्हणते, कुणी काम विकत घ्यायला आलं की वाटतं त्यांना पत्र लिहून कळवावं की हे टिकणार नाहीये. आणि टिकण्याबद्दल आपलं नेमकं मत काय आहे तेच आपल्याला नक्की माहीत नाही असंही ती सरळ कबूल करते. रबर वापरायची गरज असेल तर ती गरज जास्त महत्त्वाची, एवढं मात्र तिला वाटत होतं. आता हे सगळं एकत्र वाचलं तर ती काही नाशाची पुजारीण वाटत नाही, कामाच्या धुंदीत असलेली आणि नंतरचं नंतर बघू म्हणणारी एक तिशीतली बाई वाटते. शेवटचं वाक्य तेवढं उचलून म्युझियमची पॉलिसी ठरवणं म्हणजे मला तरी लबाडी वाटते.

अजून एक लबाडी, तिच्या आजाराचं सावट या कामावर टाकणं. ब्रेन ट्यूमरचं पहिलं ऑपरेशन एप्रिल १९६९ मधलं, आणि हे काम त्याच्या आधीच तयार झालेलं होतं, मेमध्ये व्हिटनी म्युझियमच्या ‘अँटी-इल्युजन: प्रोसीजर्स / मटेरियल्स’ या शोमध्ये ते लागलं. त्वचेसारखा रंग दिसला की लगेच शरीर, मृत्यू, वेदना, असं लिहायची आपल्याकडे सवय आहे, असो.

बरं, कॉपीचा मुद्दा. हा नुसता भावनेचा प्रश्न नाहीये. २००२ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये हेसेचा मोठा रेट्रोस्पेक्टिव्ह (सगळ्या कारकिर्दीतल्या कामांचं प्रदर्शन) झाला, त्याच्या तयारीत क्युरेटर, कन्झर्वेटर (जुन्या कामांची डागडुजी करणारे) आणि तिच्यासोबत काम केलेली माणसं यांनी बसून याच गोष्टीवर चर्चा केली होती. २००७ ला लंडनच्या टेट मॉडर्न म्युझियमने मॉडर्न स्कल्प्चरच्या कॉप्यांवर एक पूर्ण वर्कशॉप घेतलं. तिथली सगळ्यात ठळक केस नाउम गाबो या रशियन शिल्पकाराची. गाबोने १९२० च्या दशकात त्या वेळच्या नव्या प्लास्टिकमध्ये कामं केली, सेल्युलोजची प्लास्टिकं, आणि त्यातली काही इतकी वाईट रीतीने कुजली की वाकून, तडकून त्यांचे आकारच ओळखू येईनात. पण गाबोची कामं पूर्णपणे भूमितीवर उभी आहेत. कोन किती, वक्र किती, पारदर्शक पत्रा कुठे कापायचा, हे मोजता येतं, लिहून ठेवता येतं, नव्या मटेरियलमध्ये पुन्हा जोडता येतं. काहीतरी जातं, पण आकार परत मिळतो. लेविटचं तर त्याच्याही पुढे, त्याची वॉल ड्रॉइंग्ज सूचनेवरून दुसऱ्यांनीच करायची असतात, भिंत पाडली तरी काम जिवंत.

हेसेच्या कामात नेमका अर्धा भाग असा आहे. दांडे उद्या नव्याने करता येतील, लांबी माहीत आहे, जाडी माहीत आहे, संख्या माहीत आहे. पण पडदा? पडद्याचं ड्रॉइंग नाही, असूही शकत नाही, कारण त्याचा आकार कुणी ठरवलेलाच नव्हता. चीक किती पातळ होता, त्या दिवशी खोली किती गरम होती, ब्रश किती भरला होता, कापड कुठे सैल होतं, या सगळ्यांनी मिळून तो ठरला. तिच्यासोबत डग जॉन्स नावाचे फॅब्रिकेटर (कलाकारासाठी वस्तू घडवून देणारे) काम करायचे, न्यूयॉर्कच्या स्टॅटन आयलंडवरच्या एजिस रीइन्फोर्स्ड प्लास्टिक्स या कंपनीतून सुरुवात आणि नंतर तिच्या स्टुडिओत, मोठ्या कामांत त्यांचा हात होता हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे कुणी असंही म्हणू शकतं की बघा, तिने एकटीने कुठे केलं, मग दुसऱ्याने आज केलं तर काय हरकत. हरकत एकच, तेव्हा ती शेजारी उभी होती. कुठलं ओघळणं राहू द्यायचं आणि कुठलं पुसायचं हे तिने तिथल्या तिथे ठरवलं. फॅब्रिकेटरच्या हाताला तंत्र आठवत असेल, ‘राहू दे हे’ असं म्हणणारं माणूस आता नाही.

म्हणून तिसरा पर्याय, दांडे जुने आणि पडदे नवे, हा मला चारांतला सगळ्यात वाईट वाटतो. वरवर तो समजूतदार दिसतो. पण त्याचा अर्थ असा होतो की जे मोजता येतं ते खरं ठेवलं आणि जे मोजता येत नव्हतं ते बदललं, आणि वर पाटीवर तेच नाव, तेच साल.

गुगेनहाइमने २०२२ मध्ये मूळ वस्तूच लावली. कन्झर्वेटर मंडळींनी बराच काळ तिच्यावर काम केलं होतं, नवी दाखवायचा प्रयत्न त्यात नव्हता, ती उभी राहू शकेल इतपत सावरायचा होता. सोबत हेसेचे छोटे ‘टेस्ट पीसेस’, म्हणजे मटेरियल करून बघितलेले नमुने, ठेवले आणि कामाच्या इतिहासावर आणि डागडुजीवर एक डॉक्युमेंटरी. जुलैमध्ये उघडलं, ऑक्टोबरमध्ये बंद. मला हा निर्णय पटतो, पण त्याची बाजू जशी मांडली जाते तशी पूर्ण पटत नाही. काम ‘परत आलं’ असं म्हटलं जातं. सगळं नाही आलं.

काय आलं, काय नाही, हे नीट वेगळं करायला पाहिजे. १९६९ ला त्या पडद्यांमध्ये निदान चार गोष्टी होत्या. ते लोंबत होते. त्यांच्यातून उजेड येत होता. हवेने किंवा कुणी जवळून गेलं तर ते थोडे हलत असणार, ओलं ताजं रबर हलतंच. आणि पुढच्या वेळी वेगळ्या खोलीत वेगळ्या रुंदीला लावता येत होते. आज यातलं लोंबणं शिल्लक आहे, कारण ज्या घडीत रबर कडक झालं ती घडी तशीच गोठली. उजेड बराच कमी झाला, तपकिरी रंगाने तो अडवला. हलणं गेलं. आणि रुंदी बदलायची मोकळीक जवळपास गेली, ठिसूळ पडदा दाबायचा म्हणजे भेग मागून घ्यायची. म्हणजे प्रवाहीपणाचा आकार उरलाय, प्रवाहीपणाची वागणूक गेली. दांडे ताठ आणि पडदेही ताठ, फक्त पडद्यांचा ताठपणा वाकडातिकडा आहे. ज्याला कठीण विरुद्ध मऊ म्हणायचो तिथे आता दोन्ही बाजूंना कठीणच आहे, एक ठरवून झालेलं आणि एक न ठरवता.

यावर कुणी म्हणेल की मग हे कामच संपलं. मला नाही तसं वाटत. फरक अजून आहे, पण तो आता स्पर्शाचा नाही, वेळेचा आहे. दांडा बघून तो कधी केला ते सांगता येत नाही. पडदा बघून सांगता येतं. पडद्याच्या कडेला जिथे लेटेक्स ओघळून थेंब अर्धवट थांबलाय तिथे बघितलं की १९६९ मधला एक विशिष्ट मिनिट दिसतो, आणि त्याच थेंबाचा तपकिरी रंग नंतरची सगळी वर्षं दाखवतो. नवीन कॉपीत पहिलं नकली असेल आणि दुसरं नसेलच.

पण म्हणून मऊ पडदा कुणाला कधी बघायलाच मिळू नये असंही नाही. शिकणाऱ्या लोकांना, विशेषतः जे स्वतः स्कल्प्चर करतात त्यांना, ताजं लेटेक्स लावलेलं चीजक्लॉथ दोन दांड्यांच्या मधे कसं पडतं ते बघायला मिळालं पाहिजे, त्याशिवाय मूळ कामात काय गेलंय हे कळणारच नाही. त्यासाठी एकाच पडद्याचा मॉकअप (नमुना) पुरे. तो वेगळ्या खोलीत ठेवा, त्याला हात लावू द्या, कडक झाला की टाकून दुसरा करा. त्याला हेसेचं नाव नको, एडिशन नंबर नको, विमा नको. टेस्ट पीसेस ठेवून गुगेनहाइमने या दिशेला अर्धं पाऊल टाकलं होतं, पण टेस्ट पीससुद्धा तिच्याच हातचे आणि तितकेच म्हातारे, काचेत ठेवावे लागणारे.

मूळ कामाचं पुढे काय, तर मी असते तर दोन नियम केले असते. एक, दुसऱ्या म्युझियमला लोनवर देणं बंद. हे मटेरियल प्रवासात मरतं, लावताना आणि काढताना, भिंतीवर शांत असताना कमी. दुसरा, रुंदी आता कायमची ठरवून टाका, २०२२ ला लावताना जी मापं आली तीच, पुन्हा कुणी ‘नाव एक्स्पान्शन आहे ना’ म्हणून आठ दांडे अजून चार बोटं लांब सरकवायला जाऊ नये. हेसेची मोकळीक हिरावून घेतल्यासारखं होतं हे, मान्य आहे. ती मोकळीक रबराने आधीच परत घेतली आहे.

राहिला फायबरग्लासचा प्रश्न, ज्याच्याकडे या सगळ्या गोंधळात कुणी फारसं बघत नाही. फायबरग्लासमधले काचेचे धागे धरून ठेवणारं पॉलिएस्टर रेझिनही उजेडात पिवळं पडतं, त्यालाही तडे जातात, फक्त रबरापेक्षा कितीतरी सावकाश. आपण दांड्यांना ‘टिकाऊ बाजू’ धरून चाललोय ते फक्त शेजारी लेटेक्स आहे म्हणून.